तेलाचे दोन थेंब

दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादकडे चढणारा घाट तसा लहानच. आजच्या गाड्यांना तो घाट आहे हे जाणवतही नाही. जुन्या गाडीला मात्र तो परीक्षकासारखा भेटतो. सपाट रस्त्यावर झाकून राहिलेले दुखणे चढावर उघडे पडते. गेल्या पावसाळ्यात, श्रावणातील एका रविवारी, छत्रपती संभाजीनगरच्या एका कुटुंबाची पद्मिनी मोटार या घाटात अशीच उघडी पडली. वेरूळच्या डोंगरावरील पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन घरी परतायचे, एवढाच बेत होता. चढ लागताच गाडीने आचके देण्यास सुरुवात केली. ती क्षणभर ओढी, क्षणभर गप्प होई, मग मागून फटाक्यासारखा आवाज काढी. गॅरेजच्या भाषेत यालाच गाडी ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात. अखेर एका वळणावर ती थांबली.

गाडीचे मालक ७६ वर्षांचे. मोंढ्यातील अडत दुकानात त्यांनी पन्नास वर्षे गादी सांभाळली. सारे त्यांना अण्णा म्हणत. दाराशी उभे राहून, भिजत, ते एवढेच म्हणाले, “त्या पोराने शेवटी गाडीचा जीव घेतलाच.”

या एका वाक्यात पुढची सगळी हकीकत आहे. गाडीत बिघाड होता हे खरे होते. तो कोठे होता हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही तो कोणाच्या नावे लिहायचा, हे आधीच ठरून गेले होते.

या कुटुंबात ती गाडी केवळ वाहन नव्हती. अण्णांच्या वडिलांनी ती १९७९ साली घेतली. त्या काळी मोटारीची नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे गाडी दारात आली तो दिवस घरात लग्नासारखा साजरा झाला. तिच्या निवडीमागे आणखी एक ममत्व होते. ही गाडी बनवणारी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. १८८२ साली सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या उद्योगपतीने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया देशात घालण्याचे स्वप्न पाहिले होते. अण्णांचे वडील सोलापूरचे नाव निघाले की ताठ होत. इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटार १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन. सुकाणूच्या दांड्यावर गिअर. पुढच्या लांब आसनावर तिघे सहज बसत. शतकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून निवृत्त झाल्या. जाणकार ‘व्हिंटेज’ हा शब्द १९३० पूर्वीच्या मोटारींसाठी राखून ठेवतात, पण गल्लीतल्या मुलांना तो भेद ठाऊक नव्हता. त्यांच्या लेखी अण्णांची गाडी व्हिंटेजच होती, आणि अण्णांनी तो मान कधी नाकारला नाही.

बिघाड समजून घ्यायचा तर या गाडीत ठिणगी कशी पडते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडून ते पेटते. बॅटरीचा दाब फक्त १२ व्होल्ट. तेवढ्याने हवेतून ठिणगी उडी मारत नाही. म्हणून कॉइल नावाचे रोहित्र असते. त्यातून प्रवाह वाहू लागला की चुंबकत्व साठते. तो प्रवाह एकाएकी तोडला की ते चुंबकत्व कोसळते आणि क्षणार्धात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. प्रवाह जोडणे आणि तोडणे हे काम दोन लहान संपर्कबिंदू करतात. मेकॅनिक त्यांना ‘सीबी पॉइंट’ म्हणतात. आणि निर्माण झालेला दाब चार प्लगांपैकी ज्याची पाळी असेल त्याच्याकडे पोहोचवणे हे रोटरचे काम. पॉइंट, रोटर, कंडेन्सर, वेगानुसार ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी वजने आणि स्प्रिंगा, हा सारा संसार ज्या वाटोळ्या भांड्यात मांडलेला असतो, त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत रूढ केली आणि पुढे साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक मोटारी तिच्यावर धावल्या.

या भांड्याच्या मधोमध एक दांडा फिरतो. त्याच्या वरच्या भागावर चार उंचवटे असलेला कॅम असतो. प्रत्येक उंचवटा पॉइंटला एकदा उघडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा दांडा १५०० घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यात चार ठिणग्या, म्हणजे मिनिटाला ६०००, सेकंदाला १००. प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला सेकंदाचा शंभरावा भाग येतो. पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात राहणारी फट अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी असते. एवढ्याशा फटीवर गाडीचे सगळे चालणे उभे असते. फट वाढली तर पॉइंट लवकर उघडतात, कॉइलला भरायला वेळ मिळत नाही, ठिणगी दुबळी होते. फट घटली तर ठिणगी उशिरा पडते आणि पॉइंट जळू लागतात. चारही उंचवट्यांना तीच फट, प्रत्येक फेऱ्यात तीच फट, असे असेल तरच इंजिन एका लयीत चालते. आणि ती फट तशी राहावी यासाठी दांडा आपल्या जागी ताठ फिरला पाहिजे. त्याला ताठ धरून ठेवतो तो धातूचा एक साधा बुश. बाहेरून तो दिसतही नाही.

आता त्या मुलाविषयी. गाडी ज्या गॅरेजमध्ये जाई तेथे विशीतला एक मुलगा काम शिकत होता. जुन्या गाड्यांची त्याला आवड होती. मालक इतर कामांत असला की पद्मिनी त्याच्याकडे येई. उन्हाळ्याच्या अखेरीस गाडीने पहिल्यांदा कुरकुर केली तेव्हा त्याने पॉइंट साफ करून फट लावून दिली. आठ दिवस गाडी छान चालली, नंतर पुन्हा तेच. त्याने नवे पॉइंट घातले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग कंडेन्सर, मग प्लग, मग परत पॉइंट. दोन महिन्यांत तीन वेळा पॉइंट बदलले गेले. तिसऱ्या वेळी तो मुलगा चाचरत म्हणाला होता, “अण्णा, आतला दांडा हलतोय असं वाटतं. डिस्ट्रिब्युटर उतरवून बघायला पाहिजे.”

अण्णांना त्या वाक्यात आणखी एका खर्चाची चाहूल लागली. व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाला सवय असते. पुन्हा पुन्हा तोच माल खपवू पाहणारा त्याला लगेच संशयास्पद वाटतो. गाडी दर वेळी त्या मुलाच्या हातून जाते आणि दर वेळी पुन्हा बिघडते, ही दोन वाक्ये त्यांनी शेजारी मांडली आणि तिसरे आपोआप तयार झाले. त्यांनी गॅरेजच्या मालकाला सांगितले, “तुमचा पोरगा जाणूनबुजून फट सैल ठेवतो, म्हणजे पॉइंट विकता येतात. आमच्या गाडीला त्याचा हात लागता कामा नये.” मालकाला जुने गिऱ्हाईक गमवायचे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा तेथे दिसला नाही. घरी जेवताना अण्णांनी हे सांगितले तेव्हा त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, “अहो, तुम्ही पाहिलंत का त्याला तसं करताना?” अण्णांनी भाजीत मीठ कमी आहे असे म्हणून विषय बदलला.

घाटात बंद पडलेली गाडी टेम्पोला बांधून शहरात आणावी लागली. मुलाने पुण्याहून फोनवर सल्ला दिला की आता ती विकून टाकावी, नाहीतर निदान पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवावा. अण्णांनी दोन्ही ऐकून घेतले आणि एका जुन्या मित्राच्या सांगण्यावरून गाडी शहागंजच्या मागच्या एका गल्लीत नेली. तेथे एक वृद्ध उस्ताद केवळ जुन्या गाड्यांचीच कामे करीत. दुकानाला पाटी नव्हती. उस्तादांची दृष्टी अधू झाली होती. बोटे मात्र शाबूत होती.

उस्तादांनी हत्यार उचलण्यापूर्वी प्रश्न विचारले. गाडी थंड असताना त्रास देते की तापल्यावर? सपाटीला की चढावर? हळूहळू मरते की एकदम? पाऊस असतानाच की कोरड्या दिवशीही? अण्णा म्हणाले, “चढावर, एकदम, आणि कोरड्या दिवशीही.” उस्ताद म्हणाले, “मग शेठजी, पेट्रोलकडे नंतर पाहू. पेट्रोलचा आजार बहुधा हळूहळू चढतो, करंटचा झटक्यात येतो. आणि चढावर का, ते सांगतो. उभ्या गाडीत सिलिंडरमधला दाब कमी असतो, दुबळी ठिणगीसुद्धा काम भागवते. चढावर दाब वाढतो, तेव्हा ठिणगीचा कस लागतो. म्हणून तुमची गाडी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते आणि घाटात रुसते.”

मग तपासणी सुरू झाली. तिचा एकच नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि फरक पडला नाही तर जुनी वस्तू परत जागेवर लावायची. अण्णांना तो लगेच समजला, कारण ताळेबंदाचा फरकही असाच शोधतात. बेरीज जमत नाही म्हणून चार आकडे एकदम बदलले तर ती कदाचित जमेल, पण चूक कोठे होती ते कधीच कळणार नाही.

प्रथम खात्रीची कॉइल लावून पाहिली. इंजिनाचा आवाज तसाच अडखळता. कॉइल परत काढली. कंडेन्सर बदलला, तसेच. तोही परत काढला. संध्याकाळी दुकानाचे शटर अर्धे ओढून, दिवे मालवून, इंजिन चालू ठेवले आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. झाकणाला तडा असेल किंवा वायर गळत असेल, तर अशा अंधारात निळसर रेषा सरपटताना दिसतात. काही दिसले नाही. झाकण उघडून आतील कार्बनची टोके, रोटर, पॉइंटच्या पट्टीला जोडलेली छोटी लवचिक वायर, सारे पाहिले. ही छोटी वायर बाहेरून धडधाकट आणि आतून तुटलेली असू शकते. उस्तादांनी तिला हलवून, ओढून खात्री केली. तीही निर्दोष निघाली.

दुसऱ्या दिवशी टायमिंगचा दिवा जोडला. पहिल्या सिलिंडरची ठिणगी पडली की हा दिवा लखलखतो, आणि त्या लखलखाटात फिरत्या पुलीवरची खूण एका जागी थांबलेली दिसते. चांगल्या गाडीत ती खूण जणू खिळलेली असते. पद्मिनीची खूण नाचत होती. कधी इकडे, कधी तिकडे, पाच-सहा अंशांच्या टप्प्यात. उस्तादांनी व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद केले. खूण तरीही नाचत राहिली. वेग वाढवून पाहिला, नाच वाढला. “इंजिन खोटं बोलत नाही,” ते म्हणाले, “ठिणगीची वेळच ठरत नाही.”

इंजिन थांबवून त्यांनी पॉइंटमधील फट मोजली. येथे तपासणीचा सर्वांत नाजूक भाग आला, आणि मेकॅनिक बहुधा येथेच चुकतात. फट चारपैकी एकाच उंचवट्यावर मोजली तर ती अचूक भासते. उस्तादांनी इंजिन हाताने फिरवत चारही उंचवट्यांवर फिलर गेजने मोजले. चारही ठिकाणी फट जवळजवळ सारखी भरली, ०.४५ मिलिमीटरच्या आसपास. अण्णांना वाटले, म्हणजे सगळे ठीक आहे. उस्ताद म्हणाले, “याचा अर्थ एवढाच की दांडा वाकलेला नाही आणि कॅम झिजलेला नाही. तसं असतं तर चार आकडे वेगवेगळे आले असते. आता बघा.” त्यांनी अंगठ्याने दांड्याला एका बाजूला रेटले आणि पुन्हा मोजले. फट ०.६० झाली. विरुद्ध बाजूला रेटले; ०.३० झाली. गाडी उभी असताना जो दांडा शहाण्यासारखा मध्ये उभा होता, तो फिरताना स्प्रिंगच्या आणि वजनांच्या ओढीने मनाला येईल तसा कलत होता. त्यामुळे प्रत्येक ठिणगीची फट वेगळी, वेळ वेगळी, ताकदही वेगळी. पॉइंट कितीही वेळा बदलले असते, कोणीही बदलले असते, तरी फट टिकणारच नव्हती.

उस्तादांनी अण्णांचा हात धरून त्यांचे बोट दांड्यावर ठेवले. “हलवा.” दांडा हलला. दुधाचा दात पडायच्या आधी हलतो, तसा.

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “पोरगा हेच म्हणाला होता. याला किती दिवस लागले असतील?”

“दिवस नाही शेठजी, वर्षं. बुश एका महिन्यात झिजत नाही. याला तेल कोण देत होतं?”

या प्रश्नाचे उत्तर अण्णांच्या घरी, कपाटात, लाल कापडी बांधणीच्या वहीत होते. गाडी घेतली त्या दिवसापासून तिचा जमाखर्च वडिलांनी रोजकीर्दीप्रमाणे ठेवला होता, आणि त्यांच्या पश्चात अण्णांनी. त्या रात्री त्यांनी वही काढली. आधी त्यांना पाहायचा होता तो मुलगा. त्याच्या हातची पहिली दुरुस्ती मे महिन्याच्या अखेरीस होती. पण पेट्रोलच्या नोंदी वेगळेच सांगत होत्या. लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी आदल्या दिवाळीपासूनच ११, मग १०, अशी उतरत आली होती. मुलाचा हात लागण्याच्या सहा महिने आधी आजार सुरू झाला होता. आकडे अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. त्यांची खतावणी मात्र त्यांनी कधी केली नव्हती.

मग ते मागे गेले. वडिलांच्या अक्षरात, दर काही महिन्यांनी, एक छोटी ओळ येत होती: ‘डिस्ट्रिब्युटर, तेल २ थेंब.’ रोटर उचलून दांड्याच्या टोकाशी दोन थेंब टाकायचे, म्हणजे ते आत झिरपतात. कॅमला बोटाच्या टोकाएवढे ग्रीस लावायचे. त्या ओळीपुढे रकमेचा रकाना नेहमी रिकामा असे, कारण त्या कामाला खर्चच नव्हता. २००३ साली वडील गेले. त्यानंतरच्या पानांवर पेट्रोल होते, टायर होते, विमा होता, आरटीओकडील पुनर्नोंदणीचे शुल्क होते; दोन थेंबांची ओळ एकदाही नव्हती. ज्याला पैसे लागतात त्याची नोंद अण्णांनी काटेकोर ठेवली होती. ज्याला पैसे लागत नाहीत, फक्त आठवण लागते, ते काम त्यांच्या हिशेबातून निसटले होते. वीस वर्षे दांडा कोरडा फिरत होता.

काकूंनी दिवा बंद करताना विचारले, “सापडलं का काही?”

“सापडलं,” अण्णा म्हणाले. “माझ्याच नावे निघालं.”

दुरुस्ती फारशी अवघड नव्हती. उस्तादांनी डिस्ट्रिब्युटर उतरवण्यापूर्वी रोटरचे तोंड कोणीकडे आहे आणि भांडे कोणत्या कोनात बसले आहे, याच्या दोन खुणा ओरखड्यांनी करून घेतल्या. नाहीतर परत बसवताना १-३-४-२ हा ठिणग्यांचा क्रमच चुकायचा. दांडा मायक्रोमीटरने मोजला; तो सुदैवाने फारसा झिजला नव्हता. बुश मात्र अंडाकृती झाला होता. तयार भाग मिळेना. पण ज्या शहराच्या वाळूज आणि चिकलठाणा वसाहतींत दररोज नव्या वाहनांचे असंख्य सुटे भाग कातले जातात, त्या शहरात एक बुश होणार नाही असे कसे घडेल? चिकलठाण्याच्या एका लहान वर्कशॉपमधील टर्नरने सच्छिद्र ब्राँझची नळी लेथवर लावली आणि बाहेरून मापात आणून दिली. तो बुश उस्तादांनी एक दिवस आणि एक रात्र तेलात बुडवून ठेवला. अशा धातूच्या बारीक छिद्रांत तेल मुरते आणि फिरणाऱ्या दांड्याला ते थोडे थोडे मिळत राहते. घाई करून कोरडा बुश ठोकला तर तो लवकरच पुन्हा झिजतो. अण्णांनी मुलाने सुचवलेल्या इलेक्ट्रॉनिक संचाविषयी विचारले. “लावा खुशाल,” उस्ताद म्हणाले, “पॉइंटची कटकट जाईल. पण हलत्या दांड्यावर लावलात तर ठिणगी तरीही नाचेल. आधी पाया, मग माडी.”

नवा बुश बसला, दांडा ताठ झाला. अंगठ्याने दोन्ही बाजूंना रेटून मोजले. फट जागची हलेना. टायमिंगचा दिवा लावला तेव्हा पुलीवरची खूण एका जागी थबकली. पॉइंट नवे घ्यावे लागले नाहीत. त्या मुलाने शेवटी घातलेलेच वापरले. ते नीट बसवलेले होते, स्क्रू आवळलेला होता, कॅमवर ग्रीसचा पातळ थर होता. उस्तादांनी ते पाहिले आणि म्हणाले, “ज्याने हे बसवलं त्याचा हात चांगला आहे. आणि दांडा हलतो हे त्याला बोटांनी कळलं असेल, तर तो हात शिकवून येत नाही. कुठे असतो तो? माझ्याकडे पाठवा.”

तोवर भाद्रपद लागला होता. दशलक्षण पर्व झाले, क्षमावाणीचा दिवस आला. राजाबाजारच्या मंदिरात सर्वांनी एकमेकांना हात जोडले. फोनवर क्षमायाचनेचे संदेश येत-जात राहिले. अण्णांनी शंभरावर लोकांना तो संदेश पाठवला. पाठवता पाठवता त्यांच्या लक्षात आले की या यादीतील बहुतेकांचा त्यांनी कधीच अपराध केलेला नाही, आणि ज्याचा केला त्याचा क्रमांक त्यांच्याकडे नाही.

गॅरेजच्या मालकाकडून पत्ता घेऊन ते दुसऱ्या दिवशी मुकुंदवाडीला गेले. तो मुलगा रस्त्याकडेच्या एका टपरीत दुचाक्यांची पंक्चरे काढीत होता. पद्मिनी थांबलेली पाहून तो उठून उभा राहिला. नजर सावध होती. अण्णांनी आडवळणे घेतली नाहीत. ते म्हणाले, “बाळा, तुझं म्हणणं खरं होतं. दांडाच हलत होता. मी चौकशी न करता तुझ्यावर आळ घेतला, तुझं काम घालवलं. मला क्षमा कर.” आणि वयाचा विचार न करता त्यांनी हात जोडले.

मुलगा गोंधळला. “अण्णा, हात नका जोडू,” असे काहीतरी तो पुटपुटला. थोडा वेळ शांततेत गेला. मग त्याने विचारले, “किती प्ले निघाला?”

अण्णांना आकडे पाठ होते. “मध्ये पंचेचाळीस. एकीकडे साठ, दुसरीकडे तीस.”

“एवढा?” त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलले. “मला वाटलं होतं दहा-पंधराचा असेल. बुश कशाचा घातला?”

बॉनेट उघडले गेले. पुढची पंधरा मिनिटे दोघेही इंजिनावर वाकून बोलत होते. निघताना अण्णांनी उस्तादांचा निरोप सांगितला. मुलगा लगेच हो म्हणाला नाही. टपरीवर महिन्याला ठरलेले पैसे मिळत होते, आणि एकदा पोळलेला माणूस पाऊल जपूनच टाकतो. “बघतो,” तो म्हणाला. अण्णांनी आग्रह केला नाही. क्षमा मागणे आपल्या हाती असते. ती कधी आणि किती द्यायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

पुढच्या रविवारी पद्मिनी दौलताबादचा घाट एका दमात चढली. संध्याकाळी अण्णांनी लाल वही उघडली. जूनच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘मेकॅनिकच्या मुलाच्या लबाडीमुळे पॉइंट पुन्हा खराब.’ हिशेबाच्या वहीत खाडाखोड करायची नसते. चुकीची नोंद तशीच ठेवून नवी दुरुस्ती नोंद करायची असते, म्हणजे चूकही दिसते आणि ती सुधारल्याचेही दिसते. अण्णांनी त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिले: ‘जूनमधील नोंद चुकीची. दोष मुलाचा नाही. बुश तेलावाचून झिजला, ती हयगय माझी.’

मग त्यांनी अंगणात जाऊन झाकण उघडले, रोटर उचलला, आणि आत येऊन आणखी एक ओळ लिहिली. रकमेचा रकाना रिकामा ठेवला.

‘डिस्ट्रिब्युटर, तेल २ थेंब.’